मी, उमादेवीच्या कॉम्प्युटरचा आवाज

मित्रांनो, माझं तोंड तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी साउंड कार्ड. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तीही आता जुनी झालेली. डब्यात धूळ खात बसायचं आणि कॉम्प्युटरला वाचा द्यायची, हा माझा धंदा. आधी मी एका नेटकॅफेत होतो. तिथल्या पोरांनी इतकी गाणी वाजवून घेतली की माझेच कान किटले. कॅफे बंद पडला आणि जळकोटच्या गुंडाप्पांनी मला कॉम्प्युटरसकट घरी आणलं.

त्यांची बायको उमादेवी अंगणवाडीच्या पोरांसाठी गोष्टी लिहायची. मग आजारपणात तिची नजर गेली आणि लिहिणं थांबलं. तुळजापूरला शाळेत शिकवणारा तिचा दीर शिवराज याला ते बघवेना. त्यानं जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकली. ती कुणालाही फुकट घेता येते, आणि तिच्यात मराठी वाचणारा आवाज होता. उमादेवीनं 'क' दाबला की मी 'क' म्हणायचो. आवाज जरा पत्र्यासारखा होता खरा. पण तो ऐकून ती हसली, तेव्हा मी सगळी गाणी विसरलो.

पुढं खंडेनवमी आली. विळा, कोयता, मोटरसायकल यांच्या रांगेत आमचीही पूजा झाली. उमादेवीनं हळदकुंकू लावलं, चाचपून अगरबत्ती खोचली. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बंद!

"फुकटातली सिस्टिम अशीच असणार," गुंडाप्पा म्हणाले.

शिवराज रविवारी आला. स्पीकर मोबाइलला जोडले तर खणखणीत वाजत होते. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मी दिसत होतो, आवाजाची पट्टीही नाचत होती. तरी घर शांत. शेवटी तो वैतागला.

"वैनी, जुनीच सिस्टिम टाकतो परत."

"तिला मराठी कुठं येत होतं?" उमादेवी म्हणाली. "लई दिवसांनी कुणाची मिनतवारी न करता लिहायला लागले होते, भावजी. जरा थांबा की."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ओरडणार कशानं? माझी रीत अशी की पुढच्या भोकात हेडफोनची पिन शिरली, की स्पीकर बंद करायचे आणि सगळा आवाज हेडफोनला द्यायचा. मला तर पिन लागलेली जाणवत होती. मी इमानेइतबारे बोलतच होतो.

तेवढ्यात शिवराजला स्क्रीनवर एक ओळ दिसली. "वैनी, हेडफोन लावलाय का? ही सिस्टिम म्हणतीय, लावलाय."

"न्हाय की!" उमादेवीनं डब्यावरून बोटं फिरवली आणि एका भोकाशी ती थांबली. "अगं बाई! अगरबत्तीची काडी मोडलीय हितं. म्याच मुकं केलं व्हय ह्याला?"

शिवराजनं चिमट्यानं काडी काढली. तिनं भीतभीत 'क' दाबला. मी जमेल तेवढ्या मोठ्यानं 'क' म्हणालो. ती रडली, आणि शिवराजनं उगाच चष्मा पुसला.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, तुमची माया आम्हाला कळते. पण आमची भोकं मोकळी ठेवा, धूळ पुसा. आणि कुणी मुकं झालं तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा जवळ जाऊन चाचपून पाहा.

त्या संध्याकाळी गुंडाप्पा नेहमीसारखे म्हणाले, "काय लिवलंस? वाचून दाखवू?"

"तुमी बसा. आज म्या ऐकवते," उमादेवी म्हणाली आणि तिनं कळ दाबली. तिची अर्धीच झालेली गोष्ट मी वाचली. चहा निवला तरी गुंडाप्पांनी कप उचलला नाही.

"मग? फुडं काय झालं?" त्यांनी विचारलं.

उमादेवी पुन्हा लिहायला बसली.