सू-लानच्या हातची नाणी

फान ची-योंगला त्या प्रवाळाकडून मिळणार होतं ते एवढंच: महिन्यातला एक रविवार, त्या रविवारी मुलगी, आणि मुलीबरोबर दुपारचं जेवण. प्रवाळ जगलं तर हे सगळं, मेलं तर काहीच नाही. एवढ्याशा फायद्यासाठी शहाणा माणूस बादलीत मीठ कालवत बसत नाही. पण फानने उभा जन्म तैवानमधल्या कीलुंगच्या धक्क्यावर जहाजांतून उतरलेला माल मोजण्यात घालवला होता, आणि आपल्या गोदामात आता काय उरलंय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

टाकी त्याची नव्हतीच. ती बायकोची, सू-लानची. बैठकीच्या खोलीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीला लागून चांगली पुरुषभर लांब काचेची टाकी, आत मासे, कोळंब्या, गोगलगायी, आणि तिच्या मधोमध वळ्यावळ्यांचं, मेंदूसारखं दिसणारं हिरवं प्रवाळ. सू-लानने ते आणलं तेव्हा बाटलीच्या बुचाएवढं होतं. पंधरा वर्षांत तिने त्याची परात केली. संध्याकाळी ते मांस फुगवून अंग मोकळं करायचं, तेव्हा सू-लान गॅस बारीक करून समोर येऊन बसायची. फान त्या वेळी बातम्या बघत असायचा. मध्ये आलीस, बाजूला हो, एवढंच टाकीबद्दलचं त्याचं बोलणं.

गेल्या उन्हाळ्यात सू-लानचं पोट दुखायला लागलं. फान म्हणाला, "तेलकट कमी खा." शरद ऋतूत ती गेली. ते वाक्य तो बोलला तेव्हा मुलगी पेइ-च्युन जेवणाच्या टेबलाशी बसलेली होती, आणि या मुलीची स्मरणशक्ती लहानपणापासून चांगली.

अंत्यविधी झाल्यावर रीतीप्रमाणे हातचे पैसे वाटले. मरणाऱ्याच्या खिशात नाणी ठेवायची आणि मग ती काढून घरच्यांना, मुलाबाळांना द्यायची. जाणाऱ्याने आपल्या हाताने दिलेला शेवटचा आशीर्वाद म्हणून ती जपायची, कधी मोडायची नाहीत. लाल कागदाची एक पुडी पेइ-च्युनला मिळाली, एक फानला. पेइ-च्युनने आपली पुडी देवळातल्या ताइताच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली. फान आपली पुडी घेऊन घरभर फिरला. कपाटात ठेवावी तर कपाट त्याचं, उशीखाली ठेवावी तर उशी त्याची. या घरात सू-लानचं असं काय होतं, याचा त्याने पहिल्यांदाच शोध घेतला आणि तो येऊन टाकीपाशी थांबला. नाणी कागदातून काढून त्याने लाल दोऱ्यात घट्ट बांधली आणि बाही वर करून प्रवाळामागच्या खडकाच्या कपारीत सारून दिली. तुझं तुझ्यापाशी राहू दे, असं मनात म्हणाला. संसारात बायकोला न मागता दिलेली ही त्याची बहुधा पहिलीच वस्तू.

त्याच आठवड्यात पेइ-च्युन म्हणाली, "बाबा, टाकी मी तैपेईला नेते."

"कशाला? मी आहे की."

"तुम्ही? तुम्हाला भाताच्या कुकरचं बटण ठाऊक आहे का?"

"शिकेन."

"आईला सांगितलं असतं तर हसून हसून मेली असती." मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं आणि तिने टाकीच्या काचेवरचा डाग बाहीने पुसला. "ठीक आहे. वर्षश्राद्धापर्यंत बघू. मी महिन्याला येऊन बघून जाईन. हे जिवंत राहिलं तर राहू दे इथेच."

येऊन बघून जाईन, हे शब्द फानने झेलले. ती त्याला बघायला येणार नव्हती, एवढं कळण्याइतका तो हुशार होता. पण गाडी प्रवाळासाठी आली काय आणि बापासाठी आली काय, ती याच स्टेशनात थांबत होती.

तो खरंच शिकला. खारं पाणी कसं कालवायचं, परीक्षानळीत थेंब टाकून रंग कसा ताडायचा, क्षारपणा किती, कॅल्शियम किती. देवळामागच्या बोळात, शिंपल्यांच्या आमलेटच्या गाडीला खेटून आ-खुएइ नावाच्या बाईचं माशांचं दुकान होतं. सू-लान तिथलीच गिऱ्हाईक. आ-खुएइ जिभेने तिखट होती आणि गल्ल्याने गोड.

"काका, काकू पंधरा वर्षांत माझ्याकडून जेवढं घेऊन गेल्या, तेवढं तुम्ही एका हिवाळ्यात नेलंत. असे विधुर मला आणखी चार मिळाले तर मी दुकान वाढवीन."

वसंतात प्रवाळ संध्याकाळचं फुगेनासं झालं. मांस आखडून सांगाड्याला चिकटलेलं, कडा फिकट. फान पाण्याची बाटली घेऊन बोळात धावला. आ-खुएइने तपासून सांगितलं, "पीएच उतरलाय. घर बंद ठेवता का?"

"या पावसात उघडं कोण ठेवतं?"

"आणि उदबत्त्या?"

"सकाळ-संध्याकाळ. तिच्यासाठी."

"मग काय! कोंडलेली हवा, धूर, सगळं पाण्यात उतरतंय. पाणी पण श्वास घेतं, काका. खिडक्या उघडा."

त्याने खिडक्या उघडल्या. पाऊस आत आला, भिंतीला बुरशी आली, त्याला खोकला झाला, पण पीएच वर चढला. चढलाच! फानने मुलीला फोन करून आकडा सांगितला. पलीकडून पेइ-च्युन म्हणाली, "अरे वा," आणि त्या दोन शब्दांवर फानचे चार दिवस सुखात गेले. दुखणं एक असतं आणि सापडतं दुसरंच. सापडलेलं बरं झालं की माणूस डॉक्टरला पेढे वाटून मोकळा होतो. फानचं तेच झालं. आकडा बरोबर आला होता. प्रवाळ मात्र आखडतच चाललं होतं.

मग त्याने क्षारपणाचा पिच्छा धरला. थोडा कमी दिसला की पूड टाकायची. उद्या जास्त दिसला की पाणी बदलायचं. बदललं की परत कमी. एकदा पूड इतकी पडली की टाकीत दूध ओतल्यासारखं पांढरं झालं आणि हीटरवर चुन्याचा थर बसला.

"काका, आकड्यांच्या मागे पळू नका," आ-खुएइ म्हणाली आणि पुडीचा नवा डबा पिशवीत घातला. "सावकाश घ्या. बरं, टाकीत काही धातू-बितू पडलेलं नाही ना? स्क्रू, क्लिप, चुंबकाचा तुकडा?"

"छे."

"नीट आठवा."

"बाई, मी चाळीस वर्षं जहाजांचा माल मोजलाय. माझ्या टाकीत काय आहे ते मला माहीत नसेल?"

तो खोटं बोलत नव्हता. कपारीतली नाणी त्याच्या मनात धातूच्या खात्यात नव्हतीच. घरात किती लाकूड आहे असं विचारलं तर देव्हाऱ्यातली पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी कोण मोजतं?

उन्हाळ्यात शंखगोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. सकाळी तळाशी उलट्या, तोंड उघडं, वास मारणाऱ्या. फान त्या चिमट्याने काढायचा आणि पेइ-च्युन यायच्या आत तेवढ्याच नव्या आणून सोडायचा. तिने विचारलं, "गोगलगायी इतक्या तरतरीत कशा?" तो म्हणाला, "काळजी घेतो." ती हसली. त्या रविवारी तिने तांदळाच्या शेवया केल्या, आणि आईपेक्षा खारट झाल्या तरी त्याने तीनदा वाढून घेतल्या.

पण प्रवाळाच्या कडेला आता पांढरं हाड दिसत होतं. ते लपवायला दुकानात काही मिळत नव्हतं. म्हणून पुढचे दोन रविवार त्याने खोकल्याचं निमित्त सांगून टाळले आणि तिला फोनवर नुसते आकडे कळवले.

शेवटी ज्या बाईची टाकी तिलाच विचारावं, असं त्याने ठरवलं. देव्हाऱ्यासमोर उभं राहून उदबत्ती लावली, खिशातली दहाची दोन नाणी काढली. एक छापा आणि एक काटा पडला म्हणजे गेलेलं माणूस हो म्हणालं. गेलेल्यांशी घरोघर असंच बोलतात.

"सू-लान, तुझं लक्ष आहे ना त्याच्यावर?"

छापा, काटा.

"मी जे दिलं ते तुला पोचलं?"

छापा, काटा.

"आणखी हवंय का?"

नाणी फरशीवर घरंगळत टाकीपर्यंत गेली. एक छापा. वाकून बघितलं, दुसरं काटा.

इतकं स्पष्ट उत्तर जिवंतपणी तिने कधी दिलं नव्हतं; अर्थात त्यानेही कधी विचारलं नव्हतं. ती दोन नाणी त्याने पहिल्यांच्या शेजारी कपारीत सरकवली. मग थोडा विचार करून, हात आखडता नको म्हणून, देव्हाऱ्याच्या वाटीतली ओंजळभर चिल्लरही खडकामागे सोडली. त्या आठवड्यात तो शांत झोपला.

पुढच्या आठवड्यात कोळंब्या मेल्या. लाल पट्ट्यांच्या, सू-लानच्या हातावर चढून नखं साफ करणाऱ्या, सगळ्या.

आ-खुएइने या वेळी टिंगल केली नाही. "गोगलगायी गेल्या, कोळंब्या गेल्या. मासे?"

"मासे मजेत आहेत."

"मजेत." तिने कप्प्यातून एक वेगळी बाटली काढली, पाण्यात थेंब टाकले, आणि रंग चढायला लागला तशी खुर्चीवर बसली. "काका, हे तांबं आहे. तांब्याने मासा लवकर मरत नाही. ज्यांना पाठीचा कणा नाही ते आधी जातात."

"मग पंप. पंपच असणार."

"असेल. खोलून बघा. पण लवकर."

वर्षश्राद्धाच्या सकाळी पेइ-च्युन आली तेव्हा बैठकीत पंपाचे तुकडे, नळ्या, चुंबकं असा पसारा मांडलेला, आणि मध्ये बाप पायजमा भिजवून बसलेला. देव्हाऱ्यावर नैवेद्य मांडलेला होता: उकडलेली कोंबडी, संत्री, सू-लानला आवडायच्या त्या अळूच्या कंदाच्या वड्या. पेइ-च्युनने त्यातलं काही बघितलं नाही. ती टाकीसमोर उभी राहिली. हिरवं आता फक्त मधल्या दोन वळ्यांत होतं, बाकी सगळा चुना.

"कधीपासून?"

"वसंतापासून. पण पीएच बरोबर आहे, पेइ-च्युन. क्षारपणाही. फक्त तांबं कुठून येतंय ते सापडत नाही. पंपात नाही, हीटरमध्ये नाही..."

"तुम्ही मला फोनवर आकडे सांगत होतात, बाबा."

"आकडे खरे होते."

तिने मनगटातलं तांब्याचं कडं काढलं आणि टाकीच्या कडेला ठोकलेल्या खिळ्याला अडकवलं. कडं आईचं, गुडघे दुखतात म्हणून सू-लान घालायची, आणि टाकीत हात घालण्याआधी त्याच खिळ्याला लावून ठेवायची. पंधरा वर्षं फान ते बघत आला होता. पाण्यात पडून हरवू नये म्हणून काढते, अशी त्याची समजूत होती.

पेइ-च्युनने खांद्यापर्यंत हात घातला, खडक हलवला, कपारीत बोटं घातली, आणि तिचा चेहरा बदलला. हात वर आला तेव्हा मुठीत कुजलेला लाल दोरा आणि हिरव्या बुरशीसारख्या थराने एकमेकांना चिकटलेली नाणी होती. तिने परत हात घातला. परत नाणी. तिसऱ्यांदा पुन्हा.

ती कुठली नाणी हे तिला विचारावं लागलं नाही. तिने नकळत गळ्यातल्या पिशवीला हात लावला. तिथली कोरडी होती, चकचकीत होती.

"का?"

"तिचं दुसरं काय होतं या घरात?" फान म्हणाला. "कुठे ठेवणार होतो?"

"आणि ही दहाची?"

"ती हो म्हणाली."

पेइ-च्युन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नाणी टॉवेलवर सुट्टी करून ठेवली, एक एक. "घरी कुणीही आलं की आई पहिलं हेच सांगायची. अंगठी काढा, कडं काढा, मग हात घाला. शेजारच्या पोरांनासुद्धा पाठ होतं. तुम्ही कधी विचारलंत का तिला, बाबा? एकदा तरी?"

फानने हिशेब लावून पाहिला. पंधरा वर्षांत एकदा विचारलं होतं. वीजबिल किती येतं, म्हणून.

भटजी आला, मंत्र झाले. सू-लानच्या नावाची तात्पुरती पाटी जाळली, तिच्या उदबत्तीच्या राखेची चिमूट पूर्वजांच्या पात्रात मिसळली, आणि वर्षभर वेगळी बसलेली सू-लान फान घराण्यात कायमची सामील झाली. जेवताना पेइ-च्युनने बापाच्या वाडग्यात कोंबडीची तंगडी घातली. रीत म्हणून घातली. राग धरला असता तर घातली नसती, आणि म्हणूनच फानने ती वाडग्याच्या कडेला सारून ठेवली. राग असलेलं माणूस परत भांडायला तरी येतं.

दुपारी तिने प्रवाळाचा जिवंत उरलेला तुकडा छिन्नीने तोडून ताज्या खाऱ्या पाण्याच्या डब्यात घेतला. "जगेल असं नाही," ती म्हणाली. आईचं कडं खिळ्यावरून काढून मनगटात घातलं, चपला घातल्या.

"पुढच्या महिन्यात..." फान म्हणाला.

"इथे आता बघायला काय आहे, बाबा?" तिने खरंच विचारावं तसं विचारलं, आणि छत्री उघडली.

या सगळ्या हिशेबात कुणी किती भरलं ते असं. गोगलगायींनी आणि कोळंब्यांनी आधी भरलं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. प्रवाळाने पंधरा वर्षं भरली, एका डब्यात मावेल एवढं सोडून. आ-खुएइने काहीच भरलं नाही. माशांनीही नाही, ते अजून पोहत आहेत. मुलीने दुसऱ्यांदा आई भरली. फानने रविवार भरले, पुढचे सगळे. आणि टॉवेलवर हिरवी पडलेली ती नाणी, जी कधी मोडायची नसतात, ती त्याने एकट्याने सगळीच्या सगळी मोडली होती.