कच्च्या माशाचा आळ

"हिची मान माझ्या गुडघ्यासारखी झालीय, वळायचं म्हटलं की कुरकुर," मला धुता धुता इस्पितळातली रामफाई पुटपुटते. तासभर ब्रश घालून ती माझी आतडी घासते, तेव्हा बोलायचा हक्क तिचाच.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. थायलंडमधल्या खोन केनच्या इस्पितळात माणसांच्या तोंडावाटे पोटात उतरते आणि पित्ताच्या नळीचं तोंड शोधते. माझ्या पोटातून बारीक तार सरकवून डॉक्टरीणबाई अडलेल्या वाटेत प्लॅस्टिकची नळी बसवतात. नवी होते तेव्हा मला बघायला परगावचे डॉक्टर यायचे. आता माझ्याहून नवी आलीय, आणि मी कपाटात मान खाली घालून लटकते. इतक्यांच्या आत जाऊन आले, पण ओळखीचं असं कुणी नाही. सगळे झोपेतच भेटतात.

बुआफान तेवढी लक्षात राहिली. पित्ताशय काढल्यावर महिन्याभरात तिचे डोळे पिवळे झाले. आमच्याकडे पिवळं दिसलं की सगळे एकच विचारतात, कच्चा मासा खाल्लास ना? लिंबू-मिरची लावलेला तो मासा इथे सगळ्यांच्या जिवाचा, आणि त्यातले किडे पित्ताच्या नळीत घर करतात. बुआफानने सात वर्षांत त्याला बोट लावलं नव्हतं, पण कुणाला ते पटेना. नणंदेने तिची भाताची टोपली सगळ्यांच्या जेवणाच्या चटईवरून उचलून वेगळी ठेवली. लपून खाणारीने लांबच बसावं, म्हणाली.

आम्ही पित्ताच्या नळीत रंग सोडला. क्ष-किरणांच्या पडद्यावर किडा नव्हता. नळीच्या कमरेला धातूचा चिमटा आवळला होता, शस्त्रक्रियेत बसलेला. खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला. तिची शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर थीरायुत दारात उभे होते, त्यांनीही पाहिला. कागदावर 'नळी अरुंद' एवढंच लिहिलं गेलं. माझी काच रामफाई रोज लख्ख पुसते, पण पाहिलेलं बोलायला माणूसच लागतो.

दर तीन महिन्यांनी बुआफान यायची. तिच्यासाठी डॉक्टरीणबाई मलाच बाहेर काढायच्या, तिची वाट मला पाठ होती. पहिल्यांदा बसवलेल्या प्लॅस्टिकच्या एका नळीच्या दोन झाल्या, मग तीन. थीरायुत दरवेळी दारापर्यंत येत आणि परत जात.

वर्षाने नळ्या काढायचा दिवस आला. बुआफान कुशीवर निजली होती, झोपेचं इंजेक्शन अजून द्यायचं होतं. पडद्याआडून नणंद म्हणाली, "डॉक्टर, हिला एकदा दम द्या. वर्ष झालं, कबूल म्हणून करत नाही."

"खाल्ला होता असं लिहून टाका, डॉक्टर," बुआफान हळूच म्हणाली. "मला पुन्हा सगळ्यांबरोबर चटईवर जेवायचंय."

रामफाईचा हात माझ्यावरच थांबला. थीरायुत दारातून आत आले. तिच्या उशीपेक्षा आपलं डोकं खाली जाईल असे ते जमिनीवर बसले आणि त्यांनी हात जोडले.

"आई, तुम्ही मासा खाल्ला नव्हता. चिमटा माझ्या हातून चुकीच्या नळीला लागला."