बेडूक बरा की विंचू

माझ्या भाचीचं लग्न दोन मोटारींपायी अडलं होतं. एक तिची, एक त्याची. दोन्ही जपानी, दोन्ही दोनच दारांच्या, दोन्ही जमिनीला पोट घासत चालणाऱ्या, आणि दोघींच्या कंपन्यांचं आपसात जुनं वैर. भाचीची गाडी हिरवी, बसकी, पुढचे दिवे डोळ्यांसारखे बाहेर आलेले. त्याची काळी, मागे नांगी उभारावी तशी पट्टी वर उचललेली. आमच्या हिने, म्हणजे भाचीच्या मामीने, बघताक्षणी ठरवून टाकलं, हा बेडूक आणि तो विंचू. मग कंपन्यांनी ठेवलेली नावं आमच्या घरात कुणी घेतलीच नाहीत.

भाची इस्पितळात एक्स-रे काढते. होणाऱ्या जावयाचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर दोघंही लोकांना "हलू नका" म्हणतात आणि संध्याकाळी सुटले की स्वतः सुसाट. ओळख पेट्रोल पंपावरची. तिने त्याच्या गाडीला हसून काहीतरी म्हटलं, त्याने तिच्या गाडीला म्हटलं, मागच्या लोकांनी भोंगे वाजवले तरी दोघं हटेनात. असं भांडता भांडता जमलं.

पुढचं भांडण घरावरून. लग्नानंतर राहायला त्यांनी एक घर भाड्याने बघितलं. सगळं मनासारखं, पण गाडी ठेवायची शेड एकच. रस्त्यावर ठेवायची म्हणजे येणारा-जाणारा ओरखडे काढणार, आणि त्या दोघांना स्वतःच्या गालावरचा ओरखडा एक वेळ चालेल. म्हणजे एक गाडी विकायची. कुठली? रोजच्या वापराला जी बरी पडेल ती ठेवायची, दुसरी विकायची, इथवर दोघांचं एकमत. तिथून पुढे तिने लग्नाची तारीख पुढे ढकलली. मग त्याने ढकलली. आणखी एकदा कुणी ढकलली असती तर तिचा पार कडेलोटच झाला असता, हे मला दिसत होतं. माझी बहीण गेल्यापासून ही पोर आमच्याकडे वाढली. बाहेर ती तोऱ्यात बोलायची, "मोडलं तर मोडलं," आणि मग न्हाणीघरात नळ सोडून बसायची. नळाच्या आवाजाने काय झाकलं जातं आणि काय नाही, हे घरातल्यांना कळतं.

निकाल कोण देणार? त्याचे मित्र त्याच्या बाजूचे, तिच्या मैत्रिणी तिच्या. शेवटी दोघं माझ्याकडे आले.

"मामा, तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत," चष्मेवाला म्हणाला.

"आणि वेगातलं तुला ओ की ठो कळत नाही," भाची म्हणाली. "म्हणून तू कुणाच्याच बाजूचा नाहीस."

खरं होतं. मी निवृत्त होईपर्यंत शववाहिनी चालवली. माझ्या गाडीत आडव्या झालेल्या एकाही माणसाने कधी तक्रार केली नाही आणि कुणी घाईही केली नाही. आमच्या कामाचे नियम साधे. दिवे लावायचे, ब्रेक हळू दाबायचा, पाठीमागे चालणाऱ्या माणसाची चप्पल तुटली तरी त्याला गाडी गाठता आली पाहिजे. आणि एक नियम मी माझा केला होता. माझ्या शेजारच्या सीटवर कोण बसणार यावर प्रत्येक घरात वाद व्हायचा. थोरला म्हणायचा मी, धाकटा म्हणायचा मी. मी कुणाचं ऐकायचो नाही. जो बोलत नसेल त्याला आत घ्यायचो.

परीक्षा सुरू झाली. पहिली पाळी बेडकाची. भाची चालवायला, मी शेजारी. आत बसायचं म्हणजे आधी डोकं घालायचं, मग कंबर, मग देवाचं नाव घेऊन उरलेलं शरीर सोडून द्यायचं. बाजारातून बटाट्यांची गोणी घेतली. डिकीत काय मावतं म्हणून ती उघडली तर तिथे एक टायर, एक छत्री आणि बाकी सगळी कंपनीची कल्पनाशक्ती. गोणी माझ्या मांडीवर आली. प्रत्येक स्पीडब्रेकरला भाची गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवून, श्वास रोखून पलीकडे न्यायची.

"दरवेळी असंच करतेस?"

"काय होतं त्याला? पोट घासत नाही मग."

"बाळंतिणीला खाटेवरून उतरवताना एवढं करत नाहीत गं."

"मामा, तू गाडी बघ. टोमणे घरी मार."

घरी पोचलो तर मला बाहेर येता येईना. शेवटी भाचीने हात ओढले, मामीने दंड ओढला, आणि गोणी सगळ्यात आधी बाहेर पडली.

दुसरी पाळी विंचवाची. त्याला मागे सीट होती. म्हणजे सीटच्या आकाराचं काहीतरी होतं. मामीने आपली पर्स तिथे बसवून पाहिली, तर तिचेही गुडघे दुमडले. त्यात चष्मेवाल्याने सगळ्या सीटांवर प्लास्टिक घातलेलं. दार उघडून तो अदबीने म्हणाला, "मामी, तेवढ्या चपला काढाल का?"

"गाडीत शिरतेय की देवळात?"

"आतला गालिचा पांढरा आहे, मामी."

"मग पांढरा घेतला कशाला? तुला चष्मा लावून देणारा कुणी भेटला नाही का?"

बिचारा हसला. चांगला पोरगा. मामीच्या गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाताना त्याने प्रत्येक खड्ड्याची तिला आधी सूचना दिली, "मामी, खड्डा," "मामी, छोटा खड्डा," "मामी, हा जरा मोठा." मामी म्हणाली खड्डा बरा, बातमी नको. डॉक्टरांनी गुडघा बघून विचारलं, "हल्ली काही नवीन व्यायाम सुरू केलाय का?"

दोन्ही गाड्या रोजच्या वापराला सारख्याच नालायक, हे मला कळून चुकलं होतं. पण तसं सांगण्यात अर्थ नव्हता. भाचीने निकालाच्या आदल्या संध्याकाळी मला बजावलं, "त्याची जिंकली तर मी लग्न करीन, पण त्या गाडीत पाय ठेवणार नाही." आणि चष्मेवाला जाता जाता दारात म्हणाला, "मामा, तिची जिंकली तर मला मान्य आहे. पण मी बसनेच जाईन." म्हणजे निकाल कुठलाही दिला तरी संसार पहिल्या दिवसापासून दोन वाहनांत. अजून वेळ काढायला म्हणून मी म्हटलं, "नुसतं बसून काय कळणार? मी स्वतः चालवून बघतो. आधी बेडूक, मग विंचू."

सकाळी मी बेडकात बसलो, भाची शेजारी. मागोमाग विंचू, त्यात चष्मेवाला आणि मामी. मामीने त्याच्या दुकानातला मोठा काळा चष्मा लावला होता, ऊन लागतं म्हणून. मी सवयीने दिवे लावले. मला दिवे लागलेले बघून चष्मेवाल्यानेही लावले. आणि मी निघालो. पायाला जी चाल ठाऊक होती त्याच चालीने.

चौकापर्यंत कळलं नाही. चौकात एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग फुटपाथवरची दोन माणसं थांबून मान खाली घालून उभी राहिली. आरशात बघितलं तर विंचवाच्या मागे एक टेम्पो, त्याच्या मागे चार मोटारी, सगळ्यांचे दिवे लागलेले, कुणी भोंगा वाजवत नाही, कुणी पुढे काढत नाही. सिग्नलला हवालदाराने आडवी वाहतूक रोखून आम्हाला वाट दिली आणि सलाम ठोकला. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कुणीतरी शर्यतीतला मोठा माणूस असणार. तरुण असेल हो."

पुढे गर्दीत जरा थांबलो, तेव्हा एका बाईने विंचवाच्या खिडकीतून हात घालून मामीचा हात दाबला. "धीर धरा."

मामी म्हणाली, "चाळीस वर्षं धरतेच आहे."

मी भाचीला म्हटलं, "बघ, एवढ्या गर्दीत कुठलीही गाडी याच चालीने जाणार. बेडूक काय, विंचू काय, आणि माझी ती जुनी काय."

मी बघितलं, तर भाची माझ्या शेजारच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तशीच ती एकदा माझ्या शेजारी बसली होती, लहान असताना. पाठीमागे तिची आई होती. मोठ्या माणसांत वाद चालला होता पुढे कोण बसणार म्हणून, आणि मी हिला उचलून आत घेतलं होतं. त्या दिवशी अर्ध्या वाटेत ती कंटाळून म्हणाली होती, मामा, जोरात चालव ना. मी काही जोरात चालवली नव्हती. कशी चालवणार?

"मामा," भाची समोर बघत म्हणाली, "जोरात चालव ना."

पुढे रस्ता मोकळा झाला होता. मी पाय दाबला.

आता हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. माझ्या गाडीत पाय दाबला की ती आधी विचार करायची. बेडूक विचार करत नाही. माझी पाठ सीटमध्ये रुतली, टोपी मागच्या काचेवर गेली, भाची "मामाऽऽ" म्हणून ओरडली आणि मला वाटतं मीही ओरडलो, पण आनंदाने. वळण आलं तेव्हा मी शिकल्याप्रमाणे ब्रेक हळू दाबला. त्या वेगाला हळू दाबून भागत नाही. रस्त्याकडेला एक इमारत बांधायला काढलेली होती आणि तिच्यापुढे वाळूचा ढीग. बेडूक त्यात डोळ्यांपर्यंत घुसला आणि शांत झाला.

आम्हाला काही झालं नाही. तोंडात वाळू होती एवढंच. भाची हसत सुटली. हसता हसता तिचं रडणं कधी झालं ते मला कळलं नाही, पण नळ सोडायला तिथे नळ नव्हता.

दार उपटल्यासारखं उघडलं. चष्मेवाला. पाय घोट्यापर्यंत वाळूत, चष्मा गायब. "लागलं का? कुठे लागलं? हात हलव. मान हलव." आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला तरी हल म्हणत होता. मी त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. विंचू भर रस्त्यात आडवा सोडलेला, इंजिन चालू, दार सताड उघडं. मामी आत एकटी बसून हात हलवून वाहतूक वळवत होती. पांढऱ्या गालिच्यावर चिखलाचा एक बूट ठसठशीत उमटलेला, त्याचाच; उतरल्यावर हातब्रेक ओढायला परत आत टाकला असणार.

"मामा, माझी विका," तो म्हणाला. "संपवा हे."

"कशाला तुझी?" भाची डोळे पुसत म्हणाली. "हिच्यात वाळू गेलीय. हीच विकू."

"तुला ही आवडते."

"आवडते म्हणून काय लग्न लावू तिच्याशी?"

"मी म्हणतोय ना माझी विकू!"

"तू गप्प बस रे!"

एवढ्यात मामी विंचू तसाच सोडून लंगडत आली. "काय झालं? आता कशावरून?"

"दोघंही म्हणतात माझीच विका," मी सांगितलं.

मामीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे आणि मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत. "तुम्ही निकाल द्या आता. नाहीतर हे त्याच्यावरूनही तारीख ढकलतील."

मग मी निकाल दिला. वाळू खाल्लेली गाडी कोण विकत घेणार? काळी विकायची. दोघांनाही पटलं, कारण त्यात कुणी हरत नव्हतं, मी सोडून. मला यापुढे कुठल्याही गाडीच्या चाकामागे बसायचं नाही, हे त्यांनी तिथेच, वाळूत उभं राहून, एकमताने ठरवलं. हे त्यांचं पहिलं एकमत ज्यानंतर भांडण झालं नाही.

लग्न ठरल्या तारखेला झालं. बेडूक दुरुस्त होऊन आला, पण पंखा लावला की अजूनही जाळीतून थोडी वाळू उडते. लग्नाच्या दिवशी दोघं त्यातूनच नोंदणी कचेरीत आले आणि सह्या करताना नवरदेवाच्या बाहीतून वाळू कागदावर सांडली. अधिकारी म्हणाले, समुद्रावर जाऊन आलात का?

सुट्टीच्या दिवशी भाची मला फिरवायला येते. नवरा बिचारा आमच्या घरी थांबून मामीच्या चष्म्याच्या काड्या घट्ट करतो, कारण सीटा दोनच. मी डोकं घालतो, कंबर घालतो, उरलेलं सोडून देतो. मोकळा रस्ता आला की ती माझ्याकडे बघते, आणि म्हणायची पाळी आता माझी असते.