आठही पाय शाबूत

माझी धाकटी जाऊ मला डोळ्यांसमोर नको असते, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. पण सासऱ्यांच्या कारखान्यात घासायची चाकं दोनच, तीही समोरासमोर. आम्ही अंबर घासतो. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडातून गळालेला आणि आता दगडासारखा घट्ट झालेला डिंक. कधीकधी त्यात तेव्हाचा एखादा डास नाहीतर मुंगी अडकलेली निघते. मी बावीस वर्षं हेच करतेय. ही काल आलेली मला म्हणते, "ताई, जरा बेताने घासा ना, धूळ उडते." अगं, तू शेंबूड पुसत होतीस तेव्हापासून मी ही धूळ खातेय!

तर या बयेला कोळी सापडला. नखाएवढा, आठही पाय पसरलेले, एकही मोडलेला नाही. हिने परस्पर संग्रहालयाच्या बाईंना कळवलं. बाई म्हणाल्या, अस्सल असेल तर खडा घेऊ, आणि त्याच्यासोबत इतक्या नाजूक हाताच्या बाईलाही आमच्याकडे कायमची नोकरी देऊ. दुसरं गाव, राहायला खोली. झालं! बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

मला खात्री होती, खडा बनावट आहे. डिंकात अडकलेला जीव तडफडतो. पाय तुटतात, पंख दुमडतात. हजारो किडे पाहिले मी, असा फोटोला बसल्यासारखा एकही नव्हता.

बाई आल्या. त्यांनी खडा मिठाच्या पाण्यात टाकला. प्लास्टिक बहुतेक बुडतं, अंबर तरंगतं. तो तरंगला. जाऊ माझ्याकडे बघून हसली, आणि माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, पाण्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "लबाड लोक अस्सल खडा पोखरतात आणि मधे प्लास्टिकात किडा बसवतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. तापलेली सुई मधेच टेकवायला हवी."

"ताई, कडेला टेकवा," जाऊ म्हणाली. "मधे नको. पाया पडते तुमच्या."

"का गं? चोराच्या मनात चांदणं?"

बाई "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत मी सुई दिव्यावर लाल करून कोळ्याला लागून टेकवलीसुद्धा. प्लास्टिक असतं तर जळका, उग्र दर्प आला असता. पण खोलीभर वास सुटला तो ताज्या चिकाचा. अस्सल, आरपार अस्सल. मग तट् असा आवाज झाला आणि सुईपासून निघालेली चीर कोळ्याच्या पोटातून पार पलीकडे गेली. खड्याचे दोन तुकडे माझ्या हातात राहिले.

बाईंनी ते जुळवून पाहिले आणि टेबलावर ठेवले. "अस्सल होता," एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. नोकरीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि जावेनेही विचारलं नाही.

मला वाटलं, ही आता आकांडतांडव करेल, चप्पल काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. ती गपचूप चाकावर बसली आणि पुढचा खडा घेतला.

मी तोंड मिटून बसले असते, तर ही बया पहिल्या तारखेला कायमची गेली असती! परवा मीच म्हटलं, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "हं." अजून वीस वर्षं तरी मला हिच्यासमोर बसायचंय.