बेरिंगचा आवाज

शालिग्राम मिस्त्रीने लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मुठीकडची बाजू कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. निवृत्ती ड्रायव्हरच्या जागेवर एक पाय बाहेर टाकून बसला होता. मिस्त्रीने बोट वर केलं की तो अॅक्सिलेटर दाबायचा, आणि इंजिनाच्या पोटात कुणी मुसळ घेऊन बसल्यासारखी ठकठक वाढायची. मागच्या सीटवर निवृत्तीची सासू सोजराबाई कपाळापर्यंत पदर ओढून बसली होती. मेहकरात येऊन पाव तास झाला, तरी ती गाडीतून उतरली नव्हती.

“बेरिंग वाटते,” मिस्त्री म्हणाला.

मग त्याने दोन्ही वाटा सांगितल्या. एक, इंजिन खोलून बघायचं. बेरिंग गेलं असेल तर त्यात फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, घासायला अकोल्याला पाठवायचा, म्हणजे आठ दिवस गेलेच. दुसरी, कोपऱ्यात पोत्याखाली एका उलटलेल्या गाडीचं इंजिन पडलं होतं, ते उचलून यात बसवायचं. पण ही दुसरी वाट त्याला स्वतःला मुळीच पसंत नव्हती. चौदा वर्षांची गाडी असली तरी इंजिन धूर टाकत नाही, तेल पीत नाही. असं इंजिन भंगारात घालणं म्हणजे निव्वळ वेडेपणा, असं तो तोंडावर म्हणाला.

“दुसरंच बसवा,” निवृत्ती म्हणाला. “हे खोलू नका.”

“न खोलताच फेकता? काऊन जी?”

निवृत्तीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते गॅरेजात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

सव्वा महिन्यापूर्वी सकाळी वांगी तोडताना त्याच्या बायकोला, पंचफुलाला, पान लागलं होतं. साप कोणता ते कुणी पाहिलं नाही. डोणगावात गाडी एकच, ती त्याची. शेगावच्या वाऱ्या, लग्नाची वऱ्हाडं, बाजाराची वांगी सगळं तीच वाहायची. मेहकरच्या डॉक्टरांनी पाय पाहताच बुलढाण्याला न्या म्हणून सांगितलं. पंचफुलाचं डोकं आईच्या मांडीवर होतं. आणि ही ठकठक तेव्हाही होती, आठ दिवसांपासून होती. वेग वाढवला की आवाज वाढायचा. म्हणून त्याने काटा वीस मैलांच्या वर जाऊ दिला नाही. सोजराबाई मागून तीनदा म्हणाली, जवाई, जोरात घ्या. तिन्ही वेळा त्याने एकच सांगितलं, मामी, इंजिन बसलं तर इथंच राहू. चिखली यायच्या आधीच पंचफुलाचा हात सीटखाली लोंबायला लागला. बुलढाण्याचे डॉक्टर भले माणूस, त्यांनी दोष कुणालाच दिला नाही. अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढंच म्हणून ते थांबले.

तेव्हापासून निवृत्तीच्या मनाला काही लागतच नव्हतं. दहाव्याला तो रडला नाही, तेराव्याला रडला नाही. दोन गल्ल्या सोडून सोजराबाईचं घर होतं; ती रोज भाकर आणून ठेवायची आणि निघून जायची. त्या दिवसाबद्दल तिने एक शब्द काढला नव्हता. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, ते त्याला दुसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची. बेरिंग खरंच गेलं असेल, तर त्याने केलं ते बरोबर होतं. गेलं नसेल, तर बायको त्याने मारली. आणि हे इंजिन खोलल्याशिवाय कळणार नव्हतं. मग खोलायचंच कशाला?

मागचं दार उघडलं. सोजराबाई खाली उतरली, लुगडं झटकलं आणि मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली.

“खोला तुमी,” ती म्हणाली. “मले पाह्यचं हाये.”

निवृत्ती नको म्हणू शकला असता. गाडी त्याची होती. पण ज्या बाईने मांडीवर लेक जाताना पाहिली, तिला नको म्हणायचं तोंड त्याच्याकडे नव्हतं. तिला खुर्ची द्या, एवढं मिस्त्रीला सांगून तो निघून गेला.

तो मोटारस्टँडवर जाऊन बसला. हॉटेलवाल्याने न मागता चहा आणून ठेवला, ओळखीचा होता. चहावर साय धरली, माशी बसली, उडाली. चिखलीची गाडी लागली, गेली. मग मालेगावची लागली. त्याने एकेक माणूस चढताना पाहिला आणि एकाचाही चेहरा त्याच्या ध्यानात राहिला नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तो उठला. भीती वाटायला हवी होती, पण भीतीही वाटत नव्हती, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

गॅरेजात इंजिनाखालचं तेलाचं चेंबर काढून परत चढवलंही होतं. मिस्त्री कोपरापर्यंत काळा झाला होता. सोजराबाई खुर्चीवर नव्हतीच. ती गाडीच्या तोंडाशी जमिनीवर बसली होती. निवृत्तीला पाहून मिस्त्री एकदम फडकं शोधायला लागला. बोलली ती.

“गेलं होतं बेरिंग. मिस्त्रीनं दाखोलं मले. जोरात नेली असती त रस्त्यातच बसलो असतो आपण.”

“हाव,” मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, “पार गेलं होतं. आता नवीन टाकलं.”

आणि त्याने निवृत्तीच्या तळहातावर बेरिंगची अर्धगोल पट्टी ठेवली. झिजून तिचं तांबं उघडं पडलं होतं. अशी पट्टी घेऊन कुठलीच गाडी चिखलीपर्यंतही पोचली नसती, आणि ही तर बुलढाण्याला जाऊन आली होती.

निवृत्तीने ती उलटीपालटी केली. पट्टी कोरडी होती. कडेला धूळ बसली होती आणि धुळीत कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. तेलात बुडालेल्या इंजिनातून ती आता निघाली म्हणे. कपाटाखालचा मोडक्या सामानाचा डबा पुढे ओढलेला दिसत होता. आणि एवढं झिजलेलं बेरिंग निघालं, तर क्रँक अकोल्याला न जाता गाडी दुपारीच तयार कशी?

त्याने वाकून इंजिनाच्या पुढच्या अंगाला पाहिलं. पंख्याच्या पट्ट्याची खालची पुली नव्या बोल्टने आवळलेली होती. सगळ्या काळ्या लोखंडात तो एकच बोल्ट चकचकीत होता. पुली ढिली झाली की आवाज थेट बेरिंगसारखाच येतो, भले भले फसतात. त्या आवाजाने पट्टा तुटेल फार तर. इंजिन बसत नाही. गाडी साठाने नेली असती तरी गेली असती.

त्याने सासूकडे पाहिलं. ती मान खाली घालून हाताचं तेल पदराला पुसत होती. सगळं तिला कळलेलं होतं. त्याच्या आधी कळलं होतं, आणि तो येईस्तोवर त्याला काय सांगायचं ते तिने ठरवलंही होतं.

“हाव मामी,” निवृत्ती म्हणाला. त्याने पट्टी खिशात घातली.

परतताना सोजराबाई मागेच बसली, त्याच जागेवर. पैनगंगा ओलांडल्यावर रस्ता मोकळा लागला. मैलांचे दगड काढून नवे किलोमीटरचे बसवले होते, त्यांचा चुना अजून पांढरा होता. इंजिनाची ठकठक नव्हती. त्याचा पाय आपोआप दाबला गेला. काटा तिसावर आला, चाळिसावर आला, पन्नासावर आला. गाडीने जरासुद्धा कुरकुर केली नाही. त्याने आणखी दाबला. बाभळी सपासप मागे जायला लागल्या, काच थरथरायला लागली, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी एवढं दुखलं की समोरचा रस्ता ओला दिसायला लागला.

लग्नाआधी सोजराबाई त्याची सख्खी मामीच होती. तेव्हा ती त्याला नावाने हाक मारायची. जावई झाल्यापासून अहोजाहो. मागून तिचा हात आला आणि त्याच्या खांद्यावर टेकला.

“सावकाश चालव, निवृत्ती,” ती म्हणाली. “आता काय घाई हाये?”

त्याने पाय उचलला. काटा उतरत उतरत विसावर आला. डोणगावपर्यंत त्याने तो तिथेच ठेवला, आणि तिने खांद्यावरचा हात काढला नाही.