एकात एक येउरी

"आधी डोळे झाक, अन्सेल्मो," डोनिया क्रुसिता समोरच्या ओट्यावरून म्हणाल्या. "बाकीचं मग."

अन्सेल्मो पेंटरनं स्टुलावर चढून भिंतीवर रंगवलेल्या येउरीच्या डोळ्यांवरून चुन्याचा रोलर फिरवला. या महिन्यात हे कितव्यांदा, ते त्यालाच ठाऊक.

येउरी म्हणजे डोनिया क्रुसितांचा एकुलता एक. सान पेद्रोतल्या आमच्या याच गल्लीत झाडूच्या दांड्यानं बाटलीची बुचं टोलवत तो बेसबॉल शिकला, आणि मिसरूड फुटायच्या आत अमेरिकेतल्या संघानं त्याला उचलला. तो निघाला त्या दिवशी अन्सेल्मोनं त्याला भिंतीला टेकवून उभा केला, कोळशानं भोवती रेघ ओढली आणि आत रंग भरला. काटकुळा पोरगा, भुवईवर बूच लागल्याची खोक. पुढे दर डिसेंबरात येउरी घरी यायचा तो आधीपेक्षा रुंद होऊन. पुन्हा भिंतीला टेकायचा, पुन्हा कोळसा फिरायचा. मान जाड व्हायची, खांदे वाढायचे. "दंड कमी पडतोय, अन्सेल्मो! अजून काढ!" म्हणून अख्खी गल्ली ओरडायची.

मग तपासणीत अंग फुगवायची इंजेक्शनं उघडकीला आली. त्याच्यावर बंदी घातली गेली, संघानं हाकललं. आम्हाला काय वाटलं म्हणून सांगू! परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळे झालो असतो. शेजारच्या तावितोनं आपल्या झुंजीच्या कोंबड्याचं नाव येउरी ठेवलं होतं. त्यानं तो त्याच दिवशी कापून खाल्ला. त्यानंतर गल्लीत ते नाव कुणी घेतलं नाही.

येउरीही घरी फिरकेना. फोनवर आईला म्हणाला, "भिंत पांढरी होऊ दे, मग येतो. भिंतीवरच्या त्याच्यासमोर मला उभं राहवणार नाही."

म्हणून हा चुना. पण चुना टिकेना. समुद्राकडून दमट वारं सुटलं की आधी डोळे वर यायचे, मग कपाळ. "खाली तेलाचा रंग आहे, त्यावर चुना धरत नाही," अन्सेल्मो सांगायचा. असेलही तसं. पण वर येणारा माणूस एक नव्हता. सगळ्या डिसेंबरांच्या रेघा एकात एक उगवत होत्या. मानेत मान, खांद्यात खांदा. तोंड तेवढं कुठल्याच चेहऱ्याला येत नव्हतं. बायका छातीवर क्रूस काढून झपाझप पुढे जात. तावितोनं डॉमिनोचं टेबल फिरवून भिंतीकडे पाठ केली, तरी सारखी मान चोळायचा.

"अवघडली काय रे?" मी विचारलं.

"बघतोय मेला," तो हळूच म्हणाला. "मागनं."

छातीच्या जागी गिलाव्याला ओल धरून फुगवटा आला होता. डोलखुर्चीत बसून डोनिया क्रुसिता दिवसभर तिकडेच बघायच्या. "दुपारचा श्वास घेतो तो," त्या एकदा अन्सेल्मोला म्हणाल्या. तो हसला. मग त्यानं फुगवट्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"उन्हानं तापलीय, दुसरं काय!"

त्या भिंतीवर दुपारी ऊन नसतं.

मग एका संध्याकाळी डोनिया क्रुसिता हातोडा आणि छिन्नी घेऊन अन्सेल्मोच्या दारात गेल्या.

"गिलावा फोडून काढ."

"डोनिया, आयुष्यात एवढं एकच काम बरं जमलंय हो मला."

"ठाऊक आहे. पण भिंत पांढरी झाली असं त्याला सांगून बसलेय मी. उद्या येतोय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळभर अन्सेल्मो छिन्नीला धार लावत बसला. एवढी धार कुणी छिन्नीला लावत नाही. दुपारी वीज गेली. पंखे थांबले, रेडिओ थांबले, आणि त्या शांततेत तो स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगलं, तसं खालून कुणीतरी धरलं.

"धरलंय मी. मारा तुम्ही."

खांद्याला पिशवी लावलेला, गाल बसलेला कुणी वाटसरू.

"कोण रे बाबा तू?"

माणसानं वर पाहिलं. भुवईवर खोक होती. अन्सेल्मोनं ती इतक्यांदा रंगवली होती की त्याचा उगारलेला हात आपोआप खाली आला.

"आई म्हणाली होती, पांढरी झाली," येउरी म्हणाला.

"होतच नाही रे पोरा. किती झाकलं."

येउरीनं पिशवी खाली ठेवली. बराच वेळ तो त्या बिनतोंडाच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. मग दर डिसेंबरात वळायचा तसाच वळला आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. सगळ्यात आतल्या रेघेत तो नेमका बसला. दोन्ही बाजूंना ते मोठाले खांदे रिकामे पसरले होते. तावितो हातात सोंगटी धरून वळून बघत होता.

"काढा ना, अन्सेल्मोकाका."

"काय काढू?" अन्सेल्मो म्हणाला. "रेघ आधीच आहे तिथं."

ओट्यावरून डोनिया क्रुसिता उतरल्या, त्यांनी लेकाचं मनगट धरलं.

"आत चल. जेवण गार होतंय."

तो भिंतीपासून सुटला तेव्हा पाठभर चुना लागला होता. उंबऱ्यात त्यांनी तो तळहातानं झटकला, पुन्हा झटकला. दार लागलं. वीज अजून आली नव्हती, आणि आतून पाठ झटकल्याचा तो आवाज बराच वेळ गल्लीत ऐकू येत होता.