तरुबालाची करंगळी

आमच्या झाल्दा गावाकडे अंगावर लाल चट्टे उठले की त्याला कुणी रोग म्हणत नाही. आईची, म्हणजे शीतलामाईची, दया झाली म्हणतात. तरुबालाचं कुष्ठाचं औषध चालू होतं. एका सकाळी तिचे फिकट चट्टे टरारून लाल झाले. झालं! सासूनं, कुसुमीनं, दारावर कडुनिंबाचा टहाळा खोचला आणि गोळ्यांचं पाकीट उचलून वर फळीवर टाकलं. शीतलामाई घरात असताना औषध खायचं म्हणजे तिला हाकलूनच द्यायचं की! मासळी बंद, तेल बंद, उंबरा ओलांडणं बंद. म्हातारी वाईट नव्हती हो. दिवसभर सुनेच्या उशाशी बसून वारा घालायची.

पण तरुबालाच्या कोपरात जीवघेण्या कळा येत होत्या. तिच्यासारखी घट्ट विडी गावात कुणी वळत नसे, आणि आता साधं पान बोटांत ठरेना. सांगणार कुणाला? नवरा तिकडे धनबादला खाणीवर.

ती गोळ्या न्यायला आली नाही, म्हणून आरोग्यसेविका मल्लिकादीच दारात येऊन ठाकली.

"आत यायचं नाही!" कुसुमी कडाडली. "आई आलीय घरात."

"आईला माझा नमस्कार सांगा. मी इथूनच बघते. तरु, हात पुढे कर. हं, आता करंगळी बाजूला ने."

तरुबालानं सगळा जीव एकवटला. करंगळी हलली नाही.

मल्लिकादीचा चेहरा उतरला. "मासी, ही देवी नव्हे. जंतू हिच्या नसांत दडून बसले होते. औषधानं ते मरायला लागले, तशा अंगातल्या राखणदार पेशी जाग्या झाल्या. त्या आता जंतूंवर तुटून पडल्यात, आणि त्या मारामारीत नस सुजून चिरडतेय. सूज उतरवायच्या गोळ्या आजच्या आज पोटात गेल्या नाहीत तर हात जाईल. ऊठ तरु, दवाखान्यात चल!"

"पाऊल टाकशील तर खबरदार!" कुसुमी हात पसरून दारात आडवी झाली. "आईचा कोप झाला म्हणजे?"

"माझ्यावर होऊ दे!" म्हणत तरुबाला तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडली.

अंगणातल्या उन्हात तो वाकडा पडलेला पंजा कुसुमीला पहिल्यांदा नीट दिसला. तिचा आवाज एकदम खाली आला. "बोट सरळ होईल ना गं पोरी?"

"चट्टे लाल झाले त्याच दिवशी बोलावलं असतंत तर हो म्हणाले असते. हात वाचवायचा प्रयत्न करू. करंगळीचं मला सांगता येत नाही."

कुसुमीनं पसरलेले हात खाली घेतले. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी, सूनबाई."

"ठाऊक आहे, मा." तरुबालाला राग आवरेना आणि रडूही आवरेना. "आतले राखणदारही माझ्या भल्यासाठीच लढतायत."

आणि ती मल्लिकादीच्या सायकलवर मागे जाऊन बसली.